भिडेपोटी

मांजराच्या खाण्याचा एक डबा जिन्यावरून गडगडत खाली जातो. केली (पुस्तकात तिला हेच नाव दिलं आहे) दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरी निघालेली असते. एक पिशवी फाटते, डबे सुटतात. खालून एक तरुण हाक देतो, डबे गोळा करून आणतो आणि पिशवी वरपर्यंत पोहोचवतो म्हणतो. ती नको म्हणते. तो हसतो, माणसाने इतकंही ताठ असू नये असं काहीसं बोलतो आणि पिशवीवरचा हात काढत नाही. वर एक मांजर उपाशी आहे, तेव्हा आपण घाई केली पाहिजे, असं तो म्हणतो. मांजर तीन आठवडे उपाशी राहू शकतं हे आपल्याला कसं कळलं, त्याची एक हकिगत सांगतो. दारापाशी ती पुन्हा थबकते, तेव्हा सामान ठेवून लगेच निघतो असं वचन देतो. ती पिशवी त्याच्या हाती जाऊ देते.

पुढचे तीन तास काय घडलं ते पुस्तक फारसं रंगवत नाही आणि मीही रंगवणार नाही. अत्याचार करून झाल्यावर तो कपडे घालतो, घड्याळ बघतो, उघडी खिडकी लावून घेतो. स्वयंपाकघरात जाऊन काहीतरी पितो आणि निघतो, तू जागची हलू नकोस, असं सांगून खोलीबाहेर पडतो. त्याच क्षणी केली अंगाला चादर गुंडाळून उठते आणि त्याच्या मागोमाग, अगदी सावलीसारखी चालू लागते. तो स्वयंपाकघराकडे वळतो, ती दाराबाहेर पडते आणि समोरच्या शेजाऱ्यांच्या घरात शिरते. आपण असं का केलं हे तिला बरेच दिवस सांगता येत नव्हतं. उत्तर त्या खिडकीत होतं. निघायच्या बेतात असलेला माणूस खिडकी कशाला लावेल? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. आणि आवाज होण्यासारखं अजून एकच काम उरलं होतं.

गॅव्हिन डी बेकर याच्या ‘द गिफ्ट ऑफ फिअर’ या पुस्तकाची ही सुरुवात. पुस्तक १९९७ सालचं, अमेरिकेतलं. स्वतःच्या सुरक्षिततेवर एकच पुस्तक वाचायचं तर कोणतं, असं कुणी विचारलं की मी अजूनही हेच पुढे करतो, त्यातली एक मोठी चूक ठाऊक असूनही. त्या चुकीकडे पुढे येऊच. पुस्तकांच्या दुकानात ‘आत्मसंरक्षण’ म्हणून जे काही असतं त्यावर बहुधा हवेत उंच गेलेला एक पाय छापलेला असतो. डी बेकरच्या पुस्तकात लाथ नाही, बुक्की नाही. हात उगारला जाण्याआधीच्या दहा मिनिटांत दोन माणसांमध्ये काय बोलणं होतं, एवढंच तो बघतो.

त्या बोलण्यातल्या सात खुणा त्याने वेगळ्या काढल्या आहेत. ओढूनताणून केलेली एकी, गोडगोड वागणं, न विचारता दिलेले तपशील, समोरच्यावर मारलेला एखादा शिक्का, उपकाराची सावकारी, न मागता दिलेलं वचन, आणि सातवी, सगळ्यात वजनदार खूण म्हणजे ‘नको’ हा शब्द ऐकून न ऐकल्यासारखं करणं. केलीच्या जिन्यावर सातही हजर होत्या. मांजराची हकिगत हा नको असलेला तपशील होता. खरं बोलणाऱ्याला पुराव्यांची गरज भासत नाही. खोटं बोलणाऱ्याला मात्र आपलं बोलणं आपल्यालाच पोकळ वाटतं, म्हणून तो त्यात भर घालत राहतो.

हे पुस्तक मराठी माणसाने वाचताना एक गंमत होते. इंग्रजीत ‘वी’ या शब्दाचा कावा डी बेकरला परिच्छेद खर्चून समजावून द्यावा लागतो. आपल्याकडे ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं. समोरच्याला न विचारता आपल्यात ओढून घेणारा ‘आपण’ मराठीत तयारच आहे, आणि ज्याला दुसऱ्याचा विश्वास घाईने मिळवायचा असतो तो पहिल्या वाक्यापासून तोच वापरतो. जोडीला नाती आहेत. बसस्टॉपवर दोन मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस ताई म्हणतो, मावशी म्हणतो, ‘आपलं गाव कुठलं?’ विचारतो, आणि गाव एकाच तालुक्यातलं निघालं की अर्धं काम झालं. बहुतेकदा यात वाईट काहीच नसतं. आपलं अख्खं सार्वजनिक जीवन या मावशी-काकांवर चालतं. म्हणून तर ज्याच्या मनात वाईट आहे त्यालाही हेच सोयीचं पडतं.

आणि ‘नको’. मराठीला नकारासाठी एक खास शब्द लाभला आहे आणि तोच आपण पार झिजवून टाकला आहे. जेवणाच्या पंगतीत ‘नको’ म्हणजे ‘अजून एक वाढा’. पाहुण्याने तीनदा नको म्हणायचं, यजमानाने चौथ्यांदा वाढायचं, हा आग्रह. तो केला नाही तर यजमान कोता ठरतो, आणि पहिल्याच नकोला ताट झाकलं तर पाहुणा आढ्यतेखोर. लहानपणापासून या तालमीत वाढलेल्या मुलीला विसाव्या वर्षी अचानक सांगायचं, की तुझ्या नकोला न जुमानणारा माणूस धोक्याचा आहे! अमेरिकन वाचकाला ही खूण जितकी लख्ख दिसते तितकी आपल्याला दिसणार नाही. आपल्या नकोला न जुमानणारी माणसं आपल्या प्रेमाचीच असतात.

या साऱ्याला मराठीत एक नेमका शब्द आहे: भीड. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण पैशांच्या संदर्भात पडली असेल, पण या विषयावरची पुस्तकं एकामागून एक वाचत गेलो तेव्हा माझ्या लक्षात आलं, की लेखक कुठलाही असो, सैनिक, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका किंवा मौर्यकाळाशी नाव जोडलेला आचार्य, सगळे फिरून फिरून या एकाच गोष्टीशी येतात. धोका दिसत नाही असं सहसा होत नाही. तो दिसतो, पोटात खड्डा पडतो, आणि मग आपण भीड म्हणून गप्प बसतो.

पोटात पडणाऱ्या या खड्ड्याला डी बेकर खरी भीती म्हणतो आणि तिला काळजीपासून वेगळं काढतो. खरी भीती समोरच्या एखाद्या गोष्टीमुळे येते आणि थोडाच वेळ टिकते. काळजीला समोर काही लागत नाही, ती रात्री दोन वाजताही करता येते. ज्याला हे लष्करी किंवा शहरी भाषेत वाचायचं नसेल त्याने जिम कॉर्बेट वाचावा. ‘जंगल लोअर’ (१९५३) या पुस्तकात तो रात्रीच्या एका चालण्याविषयी सांगतो. अंधारात रस्त्याची बाजू आपण कधी बदलली हे त्याला कळलंही नव्हतं. नंतर धुळीतल्या आपल्याच पावलांचा माग काढला तेव्हा दिसलं, की जिथे त्याने बाजू सोडली त्याच्या जवळच वाघ होता. कॉर्बेट याला चमत्कार मानत नाही. कान आणि नाक यांना जे कळतं ते सगळं मनाला शब्दांत कळवलं जात नाही, इतकाच त्याचा अर्थ.

अमेरिकन मरीन दलाच्या एका प्रशिक्षणावर आधारलेलं ‘लेफ्ट ऑफ बँग’ (२०१४) हे पुस्तक हीच गोष्ट तक्त्यांत बसवतं. कुठल्याही जागेची एक रोजची लय असते. ती आधी ओळखा, मग तिला न शोभणारी गोष्ट आपोआप डोळ्यांत भरेल. कल्पना पक्की आहे, पण निम्मं पुस्तक जड परिभाषेत अडकलं आहे. ताडोब्याच्या वाटाड्याला ती न वाचताही येते. वानर झाडावरून खाकरल्यासारखं ओरडलं, चितळाने शीळ घातल्यासारखा आवाज दिला, की जिप्सी थांबते. वाघ अजून कुणालाच दिसलेला नसतो. रोजची लय मोडलेली असते. जेफ कूपर याच्या रंगांच्या पायऱ्याही पुष्कळांनी ऐकल्या असतील: पांढरा म्हणजे बेसावध, पिवळा म्हणजे निवांत पण जागा, नारिंगी म्हणजे काहीतरी खटकलंय, लाल म्हणजे आता करायचंच. त्याचं ‘प्रिन्सिपल्स ऑफ पर्सनल डिफेन्स’ हे १९७२ सालचं छोटं पुस्तक कमरेला पिस्तूल असलेल्या वाचकासाठी लिहिलं आहे. आपल्या उपयोगाचा त्यातला पिवळा रंग तेवढा घ्यावा.

पिवळ्या रंगाने कुठे बघायचं हेही ठरवावं लागतं. २०२२ साली भारतात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्याच वर्षी देशभरात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे खुन्यापेक्षा रस्ता जवळजवळ सहा पट मारतो, आणि रस्त्याला आपण भीत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेन्झर याने ११ सप्टेंबर २००१ च्या विमानहल्ल्यांनंतरच्या वर्षाचा हिशेब मांडला आहे. विमानाला घाबरून लोक मोटारीने प्रवास करू लागले आणि रस्त्यांवर सुमारे दीड हजार जास्तीची माणसं मेली. त्याचं ‘रिस्क सॅव्ही’ (२०१४) हे पुस्तक, घाबरवणारी बाकीची पुस्तकं वाचून झाल्यावर, उताऱ्यासारखं घ्यावं.

आता गर्दीकडे. भिडेचं सगळ्यात स्वच्छ मोजमाप न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झालेल्या आणि १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे. बिब लाताने आणि जॉन डार्ली या दोघांनी विद्यार्थ्यांना एका खोलीत अर्ज भरायला बसवलं आणि भिंतीतल्या झरोक्यातून धूर सोडला. विद्यार्थी एकटा असेल तर शंभरातले पंचाहत्तर जण उठून कुणाला तरी सांगायला गेले. मग एका विद्यार्थ्याच्या शेजारी प्रयोगकर्त्यांची दोन माणसं बसवली. धुराकडे नजर टाकायची, खांदे उडवायचे आणि अर्ज भरत राहायचं, एवढंच त्यांना सांगितलं होतं. आता शंभरातले दहाच उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, हाताने धूर वारत लिहीत राहिले. त्यांना धूर दिसत नव्हता असं कोण म्हणेल? शेजारचे दोघे उठत नव्हते, एवढंच.

या प्रयोगामागे १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये झालेला किटी जेनोवीझ या तरुणीचा खून होता. अडतीस शेजारी बघत राहिले आणि कुणी हललं नाही, अशी ती बातमी जगभर गेली. पुढे ती बरीच फुगवलेली निघाली. मूळ बातमी छापणाऱ्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही २०१६ साली तसं मान्य केलं. आणि २०१९ साली ॲमस्टरडॅम, केपटाउन आणि लँकेस्टर या शहरांतल्या रस्त्यांवरच्या भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं तेव्हा दिसलं, की २१९ प्रसंगांपैकी दहातल्या नऊ प्रसंगांत निदान एक तरी माणूस मध्ये पडला होता. लोक मदत करत नाहीत हे पाठ्यपुस्तकांतलं वाक्य त्यामुळे बरंच सैल झालं आहे. धुराचा प्रयोग मात्र टिकून आहे, कारण तो वेगळ्याच गोष्टीविषयी बोलतो. मारामारी उघड असते. धूर संदिग्ध असतो. संदिग्ध गोष्टीत माणूस धुराकडे बघायचं सोडून शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघतो, आणि शेजारी त्याच्या.

अमांडा रिप्ली हिचं ‘द अनथिंकेबल’ (२००८) याच्या पुढे जातं. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात जागतिक व्यापार केंद्रातून वाचलेल्या शेकडो लोकांना नंतर विचारलं गेलं, तेव्हा जिन्याकडे निघण्याआधी त्यांनी सरासरी सहा मिनिटं घालवली होती, असं ती नोंदवते. कुणी संगणक बंद केला, कुणी चपला शोधल्या, कुणी फोन केला, सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. घबराट, चेंगराचेंगरी हे सिनेमात. खऱ्या संकटात माणसं आश्चर्य वाटावं इतकी शिस्तीत, विनयाने वेळ घालवतात.

रिप्लीच्या पुस्तकातलं रिक रेस्कॉर्ला याचं प्रकरण मी दोनदा वाचलं. हा मूळचा इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा, व्हिएतनामच्या युद्धात लढलेला, आणि पुढे मॉर्गन स्टॅन्ले या कंपनीचा सुरक्षाप्रमुख. जागतिक व्यापार केंद्राच्या दक्षिण मनोऱ्यात कंपनीची वीसहून अधिक मजल्यांवर कार्यालयं. १९९३ साली इमारतीखाली बॉम्ब फुटला तेव्हापासून तो म्हणत होता, की पुढचा हल्ला होणारच. मग त्याने सरावाचा धडाका लावला. लाखांचे सौदे फोनवर अर्धवट सोडून भल्या पगाराच्या साहेबांनी दोन-दोनच्या रांगेत जिना उतरायचा, आणि वरती हा माणूस हातात कर्णा आणि घड्याळ घेऊन उभा. लोक वैतागत, चेष्टा करत. ११ सप्टेंबरला शेजारच्या मनोऱ्यावर विमान आदळलं तेव्हा दक्षिण मनोऱ्यातल्या लोकांना ध्वनिक्षेपकावरून जागेवरच थांबायला सांगण्यात आलं. रेस्कॉर्लाने ते ऐकलं नाही. कर्णा घेतला, लोकांना जिन्याला लावलं, वाटेत कॉर्नवॉलची गाणी म्हणत राहिला. कंपनीचे सुमारे २७०० लोक बाहेर पडले. मागे कुणी राहिलंय का ते बघायला तो पुन्हा वर गेला, तो खाली आला नाही. भिडेला न बधणारा माणूस सरावाच्या वर्षांत कसा दिसतो, हे यात कळतं. थोडा विक्षिप्त दिसतो.

आपल्याकडचं उदाहरण पुस्तकात शोधावं लागत नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर दोन बंदूकधारी गोळ्या झाडत सुटले. त्या स्थानकात ५८ माणसं मेली. उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे कामावर होते. आधी त्यांना स्फोट वाटला, मग बंदुका दिसल्या. ते माइकपाशीच राहिले आणि मराठीत, हिंदीत पुन्हा पुन्हा सांगत राहिले, की इकडे येऊ नका, एक नंबरच्या फलाटाकडून मागच्या दाराने बाहेर पडा. फलाटांवरची, नुकत्याच लागलेल्या गाड्यांतली माणसं त्या आवाजाने वळली. झेंड्यांनी गर्दीसाठी केलं ते हेच: धूर आहे की नाही, हा प्रश्नच मिटवून टाकला आणि पाय कुठे न्यायचे ते सांगितलं. असा एक आवाज मिळाला की शेजाऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायची गरज उरत नाही.

आतापर्यंतचा धोका बाहेरचा होता, जिन्यावरचा, स्टेशनातला. या विषयावरची बहुतेक पुस्तकं इथेच थांबतात आणि म्हणून अर्धवट राहतात. एनसीआरबी या देशभरातल्या गुन्ह्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं एक गोष्ट बदललेली नाही: बलात्काराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत दहातल्या नवाहून अधिक वेळा आरोपी बाईच्या ओळखीचा असतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात जाणूनबुजून मारल्या गेलेल्या सुमारे ८५,००० स्त्रिया आणि मुलींपैकी ५१,१०० जणींना नवऱ्याने, जोडीदाराने किंवा घरच्याच कुणीतरी मारलं. रोज एकशे चाळीस.

ज्याने हे फार आधीच न लाजता लिहून ठेवलं तो कौटिल्य. अर्थशास्त्राचं हस्तलिखित म्हैसूरला १९०५ साली शामाशास्त्रींच्या हाती आलं, १९०९ साली ग्रंथ छापला गेला, आणि १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठाने प्रा. र. पं. कंगले यांची तीन भागांतली चिकित्सक आवृत्ती काढली. पहिल्या अधिकरणाचा शेवट राजाच्या स्वतःच्या रक्षणाविषयी आहे. तिथे मारल्या गेलेल्या राजांची यादी येते. भद्रसेनाला राणीच्या महालात लपलेल्या भावाने मारलं. कारूषाला आईच्या पलंगाखाली दडलेल्या मुलाने. काशीच्या राजाला त्याच्या राणीने मधाच्या मिषाने लाह्यांत विष कालवून. शत्रूचं सैन्य या यादीत नाही. भाऊ, मुलगा, बायको. पुढे विष घालणाऱ्या माणसाच्या खुणा आहेत: तोंड कोरडं पडून काळवंडणं, बोलताना अडखळणं, घाम, अतोनात जांभया, थरथर, पाय घसरणं, बोलताना इकडेतिकडे बघणं, कामात आणि आपल्या जागी ठरून न राहणं. डी बेकरच्या यादीशेजारी ही ठेवून बघावी. दोन हजार वर्षांच्या अंतराने दोघंही शस्त्र सोडून माणसाकडे बघतात. अर्थात राजाकडे अन्न चाखणारे होते. कुटुंबात राहणाऱ्या बाईकडे नसतात.

डी बेकरची मोठी चूक नेमकी इथे आहे. मार खाणारी बाई पहिल्यांदा बळी असते, पण नंतरही तिथे राहिली तर आपखुशीने राहते, अशा अर्थाचं तो लिहून बसला आहे. स्वतःच्या बालपणी घरात हिंसा पाहिलेल्या माणसाने हे लिहावं याचं वाईट वाटतं. त्यावर टीकाही पुष्कळ झाली. ते प्रकरण वाचून झालं की लंडी बँक्रॉफ्टचं ‘व्हाय डझ ही डू दॅट?’ (२००२) हातात घ्यावं. मारकुट्या पुरुषांच्या गटांबरोबर त्याने वर्षानुवर्षं काम केलं. रागाच्या भरात भान राहत नाही, असं सांगणाऱ्यांना तो साधा प्रश्न विचारतो: तुम्ही घरातल्या वस्तू फोडल्यात, त्या कुणाच्या होत्या? बहुधा बायकोच्या. स्वतःचा टीव्ही सहसा शाबूत असतो. म्हणजे भान होतं.

जॅकलिन कॅम्पबेल या अमेरिकन परिचारिकेने आणि संशोधकाने १९८०च्या दशकात तयार केलेली धोका मोजण्याची प्रश्नावली हे काही पुस्तक नव्हे, पण या यादीत मी तिला वरचं स्थान देतो. प्रश्नांच्या आधी ती बाईसमोर गेल्या वर्षाचं कॅलेंडर ठेवते आणि मारहाणीचे दिवस खूण करून दाखवायला सांगते. आपल्याकडे कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहितात, तसं. ‘एकदा-दोनदा झालं असेल’ म्हणणारी बाई खुणा करत जाते आणि स्वतःच गप्प होते. मग प्रश्न: मारणं वाढलंय का, घरात हत्यार आहे का, त्याने कधी गळा दाबलाय का. गळ्याचा प्रश्न साधा नाही. जोडीदाराने पूर्वी गळा दाबलेला असेल तर त्याच्याच हातून खून होण्याचा धोका सात पटींहून जास्त असतो, असं २००८ सालच्या एका अभ्यासात निघालं. वळ उठला नाही, म्हणजे फार काही झालं नाही, असं समजणाऱ्या सासरच्या-माहेरच्या सगळ्यांनी हे एक वाक्य ऐकायला हवं. घर सोडण्याचा काळ सगळ्यात जोखमीचा असतो, हेही कॅम्पबेलच्याच कामातून ठसलं. म्हणून ‘निघून ये’ एवढा सल्ला पुरत नाही. कागदपत्रं कुठे, कुणाकडे, कोणत्या वेळी, हे आधी ठरवावं लागतं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा, १८१ ही महिलांसाठीची मदतवाहिनी आणि ११२ हा तातडीचा क्रमांक हे त्या ठरवण्याचे भाग. आणि खुणा केलेलं ते कॅलेंडर त्याच्या हाती लागणार नाही अशा जागी, शक्यतो दुसऱ्याच घरी ठेवायचं.

फोनवरच्या ठगांविषयी थोडक्यात, कारण रोजचं वर्तमानपत्र तेच लिहितं आहे. पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर खातं निघालं, आता व्हिडिओ कॉल बंद करायचा नाही, कुणाला सांगायचं नाही. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनाही ते सांगावं लागलं. आयुष्यभर कचेरीत साहेबासमोर उभं राहून बोललेला निवृत्त माणूस यात का अडकतो, हे समजायला रॉबर्ट चाल्डीनीचं ‘इन्फ्लुएन्स’ (१९८४) पुरेसं आहे. विक्रेत्यांच्या प्रशिक्षणात स्वतः शिरून त्याने माणसाला वळवणारे सहा दोर शोधले. अधिकार हा त्यातला एक, टंचाई दुसरा. ठगाचा गणवेश अधिकाराचा दोर ओढतो, ‘दोन तासांत’ हे शब्द टंचाईचा. कुणाला सांगू नका हा मात्र ठगाचा स्वतःचा शोध. धुराच्या खोलीतले शेजारी निदान दिसत तरी होते. इथे खोलीत शेजारीच उरू देत नाहीत. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करायचा. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी जो वेळ मिळतो तोच कामाचा.

शेवटी पुन्हा डी बेकर. त्याचं ‘प्रोटेक्टिंग द गिफ्ट’ (१९९९) हे मुलांविषयीचं पुस्तक पहिल्याइतकं गाजलं नाही, पण मला ते जास्त पटतं. ‘अनोळखी माणसाशी बोलू नकोस’ हा नियम तो निकालात काढतो. एक तर मुलाला त्रास देणारा बहुधा अनोळखी नसतो. शिवाय त्याच तोंडाने आपण लिफ्टमधल्या अनोळखी माणसाला ‘काकांना हाय म्हण’ सांगतो. आणि घरी, मूल मागे सरत असताना, ‘अशी काय करतेस, मामाला पापी दे’ हा आपला आग्रह. मुलाच्या पहिल्या नकोची बोळवण तिथेच होते. हरवलास तर पोलीस शोध, यापेक्षा एखादी बाई शोध, असं तो सांगतो. बाई जवळपास सापडते आणि मूल सुखरूप पोहोचेपर्यंत बहुधा सोडून जात नाही. त्याच्या मते मुलाने स्वतः निवडलेला अनोळखी माणूस, मुलाची निवड करणाऱ्या अनोळखी माणसापेक्षा पुष्कळ बरा. आणि निवडायचं कसं ते गर्दीत सरावाने शिकवता येतं.

हा सराव मी भाचीबरोबर दादरला, गणपतीच्या आदल्या आठवड्यात केला. ती तेव्हा सात वर्षांची. समज, मी हरवलो. आता कुणाला विचारशील? तिने फुलबाजाराच्या तोंडाशी उभं राहून बराच वेळ माणसं न्याहाळली. एक छान कपडे घातलेल्या काकू गेल्या, कॉलेजच्या दोन मुली गेल्या, एक हवालदार गेला. शेवटी तिने पुलाखाली गजरे ओवत बसलेल्या बाईकडे बोट केलं. मी विचारलं, तीच का गं?

“कारण ती कुठे जाणार नाहीये,” ती म्हणाली.